गोळी निघत नाही म्हणून दणका वाढवू नका

गेल्या रविवारी दुपारी फोन आला. सांगलीकडचा पोरगा, आता डॅलसजवळ असतो, ग्रीन कार्ड झाल्यापासून नेमबाजीच्या रेंजवर जायला लागलाय, काडतुसंही घरीच भरतो. चुकीची भरलेली काडतुसं उघडून त्यातली गोळी बाहेर काढायला बसला होता. "दादा, पंचवीस दणके दिले. गोळी तसूभर हलत नाहीये. खाली ऐरण ठेवून मारू का?"

मी म्हटलं, आधी हातातलं खाली ठेव, चष्मा घातलायस का ते सांग, आणि मग बोलू.

हा प्रश्न मला वर्षाकाठी तीन-चार वेळा तरी येतो. माणूस वेगळा, काडतूस वेगळं, पण शेवट ठरलेला: जरा जोरात मारू का? म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. पुढच्या वेळी फोनवर अर्धा तास घालवण्यापेक्षा हेच पाठवीन.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. मी लिहितोय ते अमेरिकेतल्या घरगुती रीलोडिंगबद्दल, म्हणजे वापरलेल्या केसेस घरी पुन्हा भरून काडतुसं बनवण्याबद्दल. इथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला संघराज्य पातळीवर परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर मात्र बंदूकच काय, काडतूस जवळ बाळगणंही सर्वसाधारणपणे गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे काही अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून समजून घ्या, माझ्याकडून नको. भारतात तर १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवताच येत नाहीत. तेव्हा कोल्हापूर-पुण्याच्या मित्रांनी हे निव्वळ माहिती म्हणून वाचावं.

शब्दांचंही सांगतो. काडतूस म्हणजे अख्खा नग. त्याचे चार भाग: पितळी केस, बुडातला प्रायमर (ठोका बसला की पेटणारी छोटी टोपी), आतली दारू आणि तोंडात बसवलेली गोळी. दारूला पुढे पावडर म्हणतो, नाहीतर शनिवार संध्याकाळचा उल्लेख वाटायचा.

भरलेलं काडतूस उघडायची वेळ येते कारण कुठेतरी चूक झालेली असते. पावडर दोनदा पडली असेल, मुळीच पडली नसेल, काट्याने चुकीचं वजन दाखवलं असेल, गोळी जास्त खोल बसली असेल. ही काडतुसं उडवायची नाहीत आणि "बहुतेक चालतील" म्हणून डब्यात ठेवायचीही नाहीत. उघडायचीच. त्यासाठी बहुतेकांकडे असतो तो हातोडीसारखा दिसणारा पुलर. डोकं प्लास्टिकचं, आतून पोकळ. काडतूस रिमला, म्हणजे बुडाच्या कडेला, धरून त्यात उलटं लोंबकळत ठेवायचं, टोपण घट्ट करायचं आणि आपटायचं. हातोडी थांबते, केस थांबते, गोळी मात्र स्वतःच्या वजनाने पुढे जात राहते. बस थांबली की उभा प्रवासी पुढे जातो, तसंच.

सगळी मेख इथेच आहे. गोळीला बाहेर काढतं ते तिचं स्वतःचं वजन. २३० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) जाडजूड पॉइंट फोर-फाइव्ह मापाची गोळी दोन-तीन दणक्यांत खाली येते. पॉइंट टू-टू-थ्रीची ५५ ग्रेनची हलकी गोळी पंधरा-वीस दणक्यांनाही दाद देत नाही, आणि त्यात तुमचं काही चुकलेलंच असतं असं नाही. हे माहीत नसलं की माणूस चिडतो, आणि चिडलेला माणूस मोठी हातोडी शोधतो.

दुसरी गोष्ट चित्र काढून बघा. पुलरमध्ये गोळी खाली, आपटायच्या बाजूला असते. प्रायमर वर, टोपणाच्या बाजूला. म्हणजे काही बिघडलंच तर ते उडणार वरच्या दिशेला, जिथे आपण वाकून "निघाली का?" म्हणून बघत असतो. काडतूस बंदुकीच्या नळीत नसल्याने गोळी बंदुकीसारखी वेगाने सुटत नाही. पण केस फाटते. पितळेचे आणि प्लास्टिकचे तुकडे आणि खुद्द प्रायमरचं कप डोळ्यात जाण्याइतक्या जोराने उडतं. म्हणून झेड-८७ (अमेरिकी सुरक्षा मानकाची) खूण असलेला सुरक्षा चष्मा घालायचा. नंबरचा रोजचा चष्मा त्याऐवजी चालत नाही. कानालाही काहीतरी लावा. गॅरेजच्या चार भिंतींत नुसता प्रायमर फुटला तरी कान तासभर वाजत राहतात. आणि दणका देताना तोंड बाजूला.

मग निघत का नाही?

पहिलं कारण सगळ्यात फालतू आणि सगळ्यात जास्त आढळणारं: खालचा पृष्ठभाग. लाकडी बाकावर आपटलं की बाक लवतं, दणक्याचा अर्धा जोर बाकच खातं. गालिचावर तर विचारूच नका. काँक्रीटची जमीन किंवा ओंडक्याचा आडवा कापलेला भाग, म्हणजे जिथे वर्तुळं दिसतात ती बाजू, उत्तम. मी ओकचा एक ठोकळा ठेवलाय. पोलादी ऐरण किंवा व्हाइस नको, पुलरचं डोकं तडकतं. तडकलेलं डोकं चिकटपट्टी लावून वापरणारे महाभागही मी पाहिलेत. नवीन पुलर दोन पिझ्झांच्या किमतीत येतो, हो.

दुसरं, काडतूस नीट धरलेलं नसतं. पुलरबरोबर तीन पाकळ्यांचा कोलेट, म्हणजे काडतूस धरणारी पकड, मिळतो, त्याभोवती रबरी ओ-रिंग. ही रिंग सैल झाली किंवा चुकीच्या मापाचा कोलेट घातला की रिम खाचेत बसत नाही, काडतूस तिरकं होतं. यावर नेटवर एक 'युक्ती' फिरते: कोलेट काढून टाका आणि प्रेसचा (काडतुसं भरायच्या दांडा असलेल्या यंत्राचा) शेलहोल्डर, म्हणजे केस धरणारा पोलादी तुकडा, घाला, पटकन होतं. पटकन होतं हे खरं. पण शेलहोल्डर एका बाजूने उघडा असतो, दणक्यागणिक काडतुसाला बाजूला सरकायला वाव मिळतो आणि पोलादाचा तुकडा प्रायमरच्या शेजारी येऊन बसतो. पुलर बनवणाऱ्यांनी कोलेट दिलाय तो काही हौस म्हणून नव्हे. ओ-रिंग तुटली तर नवी आणा. टोपण दर दोन-तीन दणक्यांनी पुन्हा आवळा, ते हळूहळू सैल होतंच.

तिसरं कारण क्रिंप. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांना केसचं तोंड गोळीच्या खाचेत आत वळवलेलं असतं, त्याला रोल क्रिंप म्हणतात. भारी भरणीत तो मुद्दाम घट्ट देतात. तो उलगडायला वेळ लागतो इतकंच, घाई करू नका.

चौथ्या कारणाशी माझ्या सांगलीकराची गाठ पडली होती. त्याने केसेस पाण्यात, स्टीलच्या बारीक पिना घालून धुतल्या होत्या. बाहेरून आतून लखलखीत, पितांबरी लावलेल्या तांब्यासारख्या. वापरलेल्या केसच्या तोंडात आतून काजळीचा पातळ थर असतो. तो वंगणासारखा काम करतो, पितळ आणि गोळीचं तांबं यांच्या मध्ये राहतो. तो थरच घालवला की दोन्ही धातू एकमेकांना कोरडे भिडतात, आणि काही महिन्यांत गोळी असं घट्ट धरून बसते की वाटावं झाळ लावलाय. लष्करी काडतुसांत हेच वेगळ्या मार्गाने होतं: तिथे ओलावा आत जाऊ नये म्हणून डांबरासारखा थर मुद्दाम लावलेला असतो.

याला उपाय उलटा आहे. गोळी बाहेर काढण्याआधी किंचित आत ढकलायची. प्रेसवर सीटिंग डाय (गोळी केसमध्ये बसवणारा साचा) लावायची, तिचा क्रिंपचा भाग वर घेऊन निकामी करायचा, आणि गोळी इंचाच्या काही हजारांश भागाइतकीच खाली बसवायची. हलकासा 'टक्' असा आवाज येतो किंवा दांडा एकदम सैल लागतो. बंध तुटला. आता पुलर. पंचवीस दणक्यांचं काम चार-पाचांत होतं. दोन अटी मात्र: केस पावडरने काठोकाठ भरलेली असेल तर हे करू नका, आणि काडतूस तुम्ही स्वतः भरलेलं असेल, आत काय आहे हे ठाऊक असेल, तरच.

तरी नाही निघाली? मग पुलर चुकीचं अवजार आहे. प्रेसवर बसणारा कोलेट पुलर मिळतो. तो गोळीला बाहेरून पकडतो, तुम्ही दांडा वर घेता, केस खाली निघून येते. दणका नाही, सांडलवंड नाही, पावडर केसमधून सरळ वाटीत ओतता येते. रायफलच्या लांब गोळ्यांना हेच बरं. पिस्तुलाच्या आखूड, गोल टोकाच्या गोळीला धरायला सरळ भागच पुरेसा नसतो आणि नुसत्या शिशाच्या गोळीवर दात उमटतात, तिथे पुन्हा हातोडी.

थोडक्यात, वीस दणक्यांनंतर एकविसावा दणका जोरात द्यायचा नसतो. थांबून विचारायचं, गोळीला कशाने धरलंय?

पुलरमध्ये घालायचीच नाहीत अशी काडतुसं

लहानपणी नरकचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाड्यातल्या पोरांनी अंगणातले फुसके फटाके गोळा करायचे, सोलायचे, दारू कागदावर काढायची आणि काडी लावायची. एकाच्या भुवया गेल्या, त्या दिवाळीपासून आमच्या घरी झाडू पहाटेच फिरायला लागला. न फुटलेली वस्तू मेलेली असते ही समजूत तिथूनच पक्की होते, आणि मोठेपणी काडतुसाशी खेळताना तीच नडते.

रेंजवर घोडा दाबला, 'टिक्' झालं, उडालं नाही. आधी नळी समोर धरून निदान तीस सेकंद थांबायचं, कारण कधीकधी उशिराने उडतं. मग बाहेर काढलेल्या त्या काडतुसाच्या प्रायमरवर खळगा पडलेला असतो. आतलं मिश्रण चेपलेलं, कदाचित तडकलेलं. ते घरी आणून पुलरमध्ये दणकवायचं नाही. बऱ्याच रेंजवर न उडालेल्या काडतुसांसाठी वेगळी बादली असते, त्यात टाकायचं.

पॉइंट टू-टू रिमफायर मुळीच नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं, ती याच काडतुसाची स्पर्धा. यात वेगळा प्रायमर नसतो, स्फोटक मिश्रण रिमच्या घडीतच भरलेलं असतं. पुलर काडतुसाला धरतो नेमका रिमलाच. म्हणजे दर दणक्याला तुम्ही घोडा दाबताय. यावर जास्त लिहायची गरज नाही.

टोकाला रंग दिलेली लष्करी काडतुसंही नाहीत. लाल किंवा नारिंगी टोक म्हणजे बहुधा ट्रेसर, त्याच्या गोळीतच जळणारं मिश्रण असतं. हिरवट बुरशी चढलेली, आजोबांच्या पेटीत सापडलेली, कुठल्या देशाची ते न कळणारी काडतुसं पोलिसांच्या हवाली करा. आपल्याकडे फायरिंग रेंजजवळच्या गावांत पितळेच्या मोहाने न फुटलेला माल फोडायला जाऊन माणसं जिवानिशी गेली आहेत. तिथे हात न लावता ११२ ला फोन.

प्रायमरचं काय करायचं

गोळी निघाली, पावडर ओतली. आता हातात केस आणि तिच्या बुडात जिवंत प्रायमर. इथे सगळ्यात चांगला सल्ला म्हणजे काही करू नका. प्रायमर चांगला असेल तर केस तशीच पुन्हा भरता येते. तोंड पुन्हा आवळायचं असेल तर सायझिंग डायमधली (केसला मापात आणणाऱ्या साच्यातली) प्रायमर ढकलणारी पिन आधी काढून ठेवा. पिन तशीच राहिली तर दांडा खाली येताना ती जिवंत प्रायमर ढकलेल. हे एकदा तरी प्रत्येकाकडून होतं. माझ्याकडूनही झालं, नशिबाने दांडा हळू होता.

प्रायमर उलटा बसलाय म्हणून काढायचाच असेल तर एका वेळी एक, चष्मा आणि कानाला संरक्षण, प्रेसचा दांडा लोण्यात सुरी घातल्यासारखा हळू. झटका नाही. अडकला तर जोर नाही. निघालेले प्रायमर नळीत साठू देऊ नका, एक फुटला तर रांगेतले सगळे फुटू शकतात. पावडरचा डबा तेव्हा बाकावर नसावा. लष्करी केसमध्ये प्रायमर कडेने ठोकून पक्का केलेला असतो, त्याला ढकलायला जास्त जोर लागतो. जिवंत असताना त्याच्या वाटेला जाऊ नका. ती रिकामी केस बंदुकीत घालून रेंजवर नुसता प्रायमर उडवा, गेला.

आणि ते तेलाचं. "प्रायमरवर तेलाचा थेंब टाकला की मरतो," हे मी दर महिन्याला ऐकतो. आताच्या प्रायमरांवर संरक्षक थर असतो, रात्रभर तेलात ठेवलेले प्रायमरही उडतात. कधी मरतो, कधी नाही. ज्या गोष्टीचा भरवसा नाही तिला सुरक्षित म्हणून कचऱ्यात टाकू नका, कचऱ्याची गाडी सगळं दाबत जाते.

सांडलेली पावडर

हातोडी पुलरने पावडर आणि गोळी एकत्रच पोकळीत पडतात, उघडताना हमखास सांडते. मी जुनं स्टीलचं ताट खाली ठेवतो. जमिनीवर पडलेली पावडर हाताच्या झाडूने सुपलीत भरायची. व्हॅक्यूम क्लीनर नाही! आत मोटरच्या ठिणग्या, पिशवीत धूळ आणि पावडर, आणि हवा खेळती. १९२६ साली स्थापन झालेल्या सामी या अमेरिकी काडतूस उत्पादकांच्या संस्थेच्या पत्रकातही हे स्पष्ट लिहिलेलं आहे, कारण स्फोट होऊ शकतो.

काढलेली पावडर परत डब्यात ओतायची नाही. "दिसायला तीच आहे" या वाक्यावर विश्वास ठेवू नका, निम्म्या पिस्तुली पावडरी दिसायला तीच असतात. थोडीशी असेल तर हिरवळीवर अगदी पातळ पसरा, नायट्रोजन असतो, गवत खुश होतं. कुत्रं किंवा रांगतं मूल जिथे फिरतं तिथे मात्र नको. जाळायची परवानगी असेल तर मोकळ्यावर, पातळ थरात, लांबून पेटवायची. डब्यात किंवा नळीत कधीच नाही: मोकळी पावडर भसकन जळते, कोंडलेली फुटते. आंबूस झोंबरा वास आणि तांबूस धूळ दिसली तर पावडर कुजायला लागलीय, तिला घरात ठेवू नका.

काम संपल्यावर हात साबणाने धुवा, मगच चहा. प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, गोळीत शिसं.

जाता जाता, बाक आवरताना प्रत्येक काडतूस मोजा. रेंजची सॅक भारतात जाताना हँडबॅग म्हणून न्यायची नाही. तळाच्या शिवणीत राहिलेल्या एका काडतुसापायी लोक मुंबई-दिल्ली विमानतळांवर अडकलेत. "विसरलो होतो" हे स्पष्टीकरण आधी पोलीस ठाण्यात आणि मग कोर्टात द्यावं लागतं, लग्नाचा मुहूर्त कुणासाठी थांबत नाही.

एवढी काडतुसं उघडायची वेळ आलीच का?

सांगलीकराला मी शेवटी हे विचारलं. एकशे ऐंशी होती. त्याने सगळी भरून झाल्यावर काटा तपासला तेव्हा काटा सरकलेला निघाला. शेजारी पंखा चालू, फोन काट्याला टेकलेला. डिजिटल काट्याला दोन्ही चालत नाही. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६४.८ मिलिग्रॅम. तिथे वाऱ्याची झुळूकही वजन करते.

त्याची कल्पना होती की भरलेली काडतुसं तोलून चुकीची वेगळी काढावीत. नाही जमत. एका केसमध्ये आणि दुसरीतच वजनाचा काही ग्रेनचा फरक असतो, गोळ्यांमध्ये थोडा. अर्ध्या ग्रेनची चूक त्यात लपून जाते.

मी काटा दर दहा काडतुसांनी ठरलेल्या वजनाने तपासतो, बाकावर एकच पावडर ठेवतो आणि गोळ्या बसवण्याआधी भरलेल्या पन्नास केसेस ठोकळ्यात उभ्या करून वरून टॉर्च मारतो. एखादी जास्त भरलेली किंवा रिकामी लगेच उठून दिसते, शाळेच्या प्रार्थनेत वेगळ्या रंगाचा सदरा घातलेलं पोर दिसावं तशी. पिस्तुलाच्या केसमध्ये हे जास्त महत्त्वाचं, कारण काही पावडरी इतक्या थोड्या लागतात की दुप्पट पडली तरी केसमध्ये आरामात मावते.

त्याला मी प्रेसवरचा कोलेट पुलर घ्यायला सांगितलं, तोवर दोन-चार काडतुसं आत ढकलायच्या पद्धतीने करून बघ म्हटलं, ओक नसेल तर गॅरेजच्या जमिनीवर. रात्री मेसेज आला: "अठ्ठावीस झाली, पाच-सहा दणक्यांत येतायत. हात भरून आलाय." उरलेल्या एकशे बावन्नच्या डब्यावर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत 'उडवू नये' लिही आणि झोप, असं कळवलं.